गाल साफ करणे

माझ्या डाव्या गालावर, कानाच्या पाळीपासून हनुवटीपर्यंत, भाजल्याचा डाग आहे. चार वर्षांची असताना न्हाणीतल्या बंबाचं उकळतं पाणी अंगावर आलं. बंबाची तोटी अप्पांनी नीट बंद केली नव्हती, असं आई चिडली की म्हणायची आणि अप्पा गप ऐकून घ्यायचे. मला त्यातलं काही आठवत नाही. डाग मात्र माझ्याबरोबर वाढला, आणि गल्लीतल्या पोरींनी त्यावरून जी काही नावं ठेवायची ती ठेवून झाली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं या गालावरूनच घडलं.

अप्पा म्हणजे माझे वडील. मिरजकर तिकटीजवळच्या एका फोटो स्टुडिओत ते रिटचर होते. आता हा धंदाच राहिलेला नाही, म्हणून समजावून सांगावं लागतं. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. केस पांढरे, दात काळे. चेहऱ्यावर काळा डाग असेल तर निगेटिव्हवर तेवढी जागा फिकी, आरपार दिसते. त्या जागेत पेन्सिलीने बारीक बारीक रेघा भरल्या की कागदावर उतरताना डाग उजळतो आणि आजूबाजूच्या कातडीत मिसळून जातो. अप्पा दिवसभर हेच करायचे. त्यांच्या टेबलावर तिरपी दुधी काच होती, खाली खिडकीतला उजेड वर फेकणारा आरसा होता आणि डोक्यावरून काळ्या कापडाची झापड. पेन्सिलीचं शिस दोन बोटं उघडं काढून ते पॉलिश पेपरवर घासून घासून सुईसारखं करायचे. शाळा सुटली की मी तिथं जाऊन बसायची, आणि त्यांच्याकडं बघत बघत मलाही हातातलं थोडंफार आलं.

प्रत्येक निगेटिव्ह खाकी पाकिटात असायची आणि पाकिटावर काय करायचं ते लिहिलेलं असायचं. सुरकुत्या कमी करणे. डोळा उघडा करणे. पुढचा दात झाकणे. सगळ्यात जास्त पाकिटं स्थळाला पाठवायच्या फोटोंची. त्यांवर बहुतेक वेळा एकच ओळ असे, गाल साफ करणे. देवीचे वण, मुरमं, वांग, काय वाटेल ते अप्पा साफ करत. कलर फोटो आले तरी स्थळाचा फोटो काळापांढराच काढावा असं ते लोकांना सांगायचे. कलरमध्ये पेन्सिल चालत नाही, हे त्यामागचं खरं कारण. “निम्म्या कोल्हापूरच्या पोरी माझ्या पेन्सिलीनं उजवल्यात,” असं ते म्हणायचे, आणि त्यात बढाईचा भाग असला तरी तो फार नव्हता.

नव्वदीच्या सुरुवातीला मी बी.कॉम. झाले आणि माझा फोटो काढायचं ठरलं. आईचा साखरपुड्याचा शालू नेसवून मला स्टुडिओत नेलं. मालकांनी फोटो काढला, पण उजेड कुठून टाकायचा ते अप्पांनीच ठरवलं. पुढचे चार दिवस त्यांनी दुसरं एकही काम हातात घेतलं नाही. पाचव्या दिवशी फोटो घरी आला.

“अगं बाई, किती ग्वाड दिसतीया पोरगी!” आई म्हणाली आणि तिने पदर डोळ्यांना लावला.

फोटोतल्या मुलीचे दोन्ही गाल सारखे होते. अप्पा दारात चप्पल हातात घेऊन उभे होते. मी काय म्हणते याची वाट बघत होते. मी म्हणाले, “बरा आलाय.” खोटं कशाला बोलू, मला तो फोटो आवडला होता. आई स्वयंपाकघरात गेली की मी तो कपाटातून काढून बघत असे. आठ दिवस मी त्या मुलीच्या प्रेमात होते. आपण अशाच आहोत आणि आरसाच काहीतरी चुकीचं दाखवतो, इथपर्यंत माझी मजल गेली होती.

मग हातकणंगल्याहून बघायला आले. मुलगा, त्याची आई आणि त्याची मावशी. फोटो मध्यस्थामार्फत आधीच गेला होता आणि मुलाला पसंत होता. मी पोह्याच्या बशा घेऊन बाहेर आले. मावशीने माझ्याकडं पाहिलं, पर्समधून फोटो काढला, फोटोकडं पाहिलं, परत माझ्याकडं पाहिलं. मग फोटो अप्पांच्या पुढं धरला.

“पावणं, ही थोरली काय? फोटोतली पोरगी कुठं हाय?”

“हीच की,” अप्पा म्हणाले.

“ही कशी असंल?”

“हीच हाय. उजेडाचा फरक पडतोय जरा,” अप्पा म्हणाले.

उजेडाचा फरक. माझ्या हातात बशा तशाच होत्या. मुलगा बिचारा मान खाली घालून बसला होता, त्याचा राग मला कधी आला नाही. मावशी उठली तशी सगळी उठली. फोटो ती टीपॉयवर ठेवून गेली, तोही उलटा. पाहुणे कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी थांबले आणि मग अप्पांना म्हणाले, “तुमी मला पुसून टाकलंसा, अप्पा. त्या मान्सांनी न्हाय, तुमी.”

 दुसऱ्या दिवशी अप्पांनी स्टुडिओतून ती निगेटिव्ह पाकिटासकट घरी आणली आणि पत्र्याच्या पेटीत, आपल्या पेन्सिलींच्या खाली ठेवून दिली.

आम्ही बोलणं टाकलं असं नाही. एका घरात राहून ते जमतही नाही. भाजीत मीठ कमी आहे, रंकाळ्याच्या बाजूला पाणी आलं नाही, आईचं गुडघ्याचं तेल संपलंय, हे सगळं आम्ही बोलत होतो. फक्त ते एक सोडून. मला त्यांना एकच विचारायचं होतं. बाकी जगाला काय दिसतं ते मला ठाऊक होतं, पण अप्पा, तुम्हालाही माझा गाल डागच दिसतो का? झापडीखाली बसून चार दिवस तुम्ही जे साफ करत होता, ते तुम्हाला घाण वाटत होतं का? पंधरा वर्षांत हा प्रश्न मी हजार वेळा मनात विचारला आणि तोंडातून एकदाही काढला नाही. माझ्या नाकावर राग आहे, तो सोडायला मला जमत नाही. नंतर आलेली दोन स्थळं मी न बघताच परत पाठवली. पुन्हा स्टुडिओत पाय ठेवला नाही. निवडणूक ओळखपत्राचा फोटो तेवढा सरकारने काढला. त्या फोटोंत सगळेच भाजल्यासारखे दिसतात, त्यामुळं पहिल्यांदाच मी चारचौघींसारखी दिसले.

पुढं स्टुडिओत कलर लॅब आली, मग कॉम्प्युटर आला. अप्पांचं टेबल आधी मागच्या खोलीत गेलं आणि मग भंगारात. अप्पा घरी बसले. सकाळी उठून पेन्सिलींना टोक करायचे, ओळीने मांडून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी मोडून परत करायचे. बघवत नसे. मी तोवर राजारामपुरीत डीटीपीचं काम करत होते आणि तिथूनच मला एका नव्या ऑफिसात काम मिळालं.

ते ऑफिस म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली आणि बारा कॉम्प्युटर. कुठल्या कुठल्या घरांतले जुने फोटो आणि निगेटिव्ह कुणीतरी दुसरीकडं स्कॅन करायचं आणि ते आमच्याकडं इंटरनेटवरून यायचे. ब्राउझर उघडायचा, आपला नंबर टाकायचा, की समोर फोटो. प्रत्येकीच्या पुढ्यात वायरने जोडलेला टॅबलेट असायचा. तेव्हाचा टॅबलेट म्हणजे नुसती काळी पाटी, तिच्यावर काही उमटत नसे. पेन पाटीवर फिरवायचं आणि रेघ समोरच्या पडद्यावर उमटायची. फोटोवरचे दोष शोधून त्यांवर खुणा करायच्या, एवढंच आमचं काम. ओरखड्याला लाल, बुरशीला निळी, फाटलेल्या जागेला पिवळी. दुरुस्ती करणारे लोक आणखी कुठंतरी बसलेले असायचे, त्यांची आमची कधी गाठ नाही.

भिंतीवर नियमांचा छापील कागद होता. पहिल्या दिवशी तो वाचता वाचता मी सहाव्या नियमावर अडले. ‘व्यक्तीच्या अंगावरील तीळ, वण, भाजल्याच्या खुणा हे दोष धरू नयेत.’ मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. इतकी साधी गोष्ट कुणीतरी कागदावर छापली होती आणि टाचण्या मारून भिंतीला लावली होती. सातवा नियम त्याच्याच खाली होता. ‘मूळ फोटोवर पूर्वी केलेले रिटचिंग हा दोष धरू नये.’

वर्षभरात मला चेकर केलं. इतरांनी केलेल्या खुणा तपासायच्या, मंजूर करायच्या किंवा नाकारायच्या. चेकरला अख्खा फोटो दिसत नसे. खुणा असलेली जागा तेवढी नखाएवढे तुकडे करून, मोठी करून समोर यायची, कोपऱ्यात खुणा करणाऱ्याचा नंबर. तुकडा कुणाच्या कपाळाचा आहे की साडीचा, हे बघायला वेळ नसे आणि गरजही नसे. नाकारताना कारण निवडावं लागे. सगळ्यात वरचं कारण होतं, ‘हा दोष नाही.’

हात स्थिर असलेली माणसं पाहिजेत, असं एकदा आमचे सर म्हणाले. मी अप्पांचं नाव सांगितलं. का सांगितलं ते मलाही नीट माहीत नाही. त्या पेन्सिलींची ओळ बघवत नव्हती, हे एक. आणि ते आले की सहावा नियम वाचतील, हे दुसरं. हे दुसरं कारण फार चांगलं नव्हतं, पण होतं.

अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आले, खिशात पेन्सिल. सोडून गेलेल्यांचे नंबर धरून त्यांना चौदा नंबर मिळाला. पेन जोरात दाबलं की रेघ जाड होते आणि हलकं धरलं की केसासारखी येते, हे कळल्यावर ते माझ्याकडं वळून म्हणाले, “ह्यात जीव हाय की गं.” पण हात पाटीवर आणि नजर पडद्यावर, हे त्यांना जमेना. पुन्हा पुन्हा हाताकडं बघायचे. आठवडाभराने घरून काळं कापड आणलं आणि मॉनिटरवर आणि डोक्यावर झापड घेऊन बसले. सगळं ऑफिस हसलं. मीही हसले. झापडीच्या आत गेल्यावर मात्र त्यांचा हात बसला.

चुका व्हायच्याच होत्या. तीस वर्षांची सवय. तीळ दिसला की लाल, सुरकुती दिसली की लाल, देवीचे वण तर एकही सोडायचे नाहीत. त्यांचं काम तपासायला माझ्याकडं यायचं आणि मी नाकारायची. हा दोष नाही. हा दोष नाही. हा दोष नाही. संध्याकाळी आम्ही एकाच बसने घरी जायचो.

“त्यो तीळ ठेवायचा व्हय?” एकदा त्यांनी विचारलं.

“ठेवायचा.”

“बाईच्या नाकाच्या शेंड्यावर हाय त्यो. माशी बसल्यागत दिसतंय.”

“असू द्या की. तिचा हाय त्यो.”

  दोन महिन्यांत त्यांच्या चुका थांबल्या. तिळाला हात लावत नव्हते, सुरकुत्यांवरून पेन अलगद पुढं जायचं. बारा जणांत चौदा नंबरचं काम सगळ्यात स्वच्छ आहे, असं सर सगळ्यांसमोर म्हणाले. त्या दिवशी बसमध्ये खिडकीबाहेर बघत अप्पा म्हणाले, “आमी लई मान्सांची तोंडं पुसली बघ.”

मला ऐकू आलं होतं. उत्तर द्यायला तेवढी जागा त्यांनी करून दिली होती, हेही मला कळलं होतं. मी तिकीट चुरगळत बसले. मला वाटलं, एवढ्यावर सुटू नका, अप्पा. सरळ माझं नाव घेऊन बोला.

पुढच्या महिन्यात कामाचा रेटा आला. रोज ढीग. त्यात लोडशेडिंग, इन्व्हर्टर अर्ध्यात दगा द्यायचा आणि केलेलं काम जायचं. सगळ्यांची डोकी तापलेली. त्यातच शेजारच्या टेबलावरची एक मुलगी गमतीने म्हणाली, “काकांना काय, घरचाच चेकर हाय.” ती गंमतच होती, पण मी अंगाला लावून घेतली. त्या दिवसापासून चौदा नंबर आला की मी जास्तच कडक व्हायची.

आणि एका दुपारी चौदा नंबरचे तीस तुकडे एकदम आले. निगेटिव्हचेच तुकडे, काळेकरडे, आणि सगळ्यांवर लाल रेघा. मोठं करून बघितलं तर प्रत्येक लाल रेघेच्या खाली पेन्सिलीची रेघ. बारीक, स्वल्पविरामासारखी. बघताक्षणी कळलं, हे रिटचिंग आहे. पेन्सिलीची एकेक रेघ हुडकून तिच्यावर लाल रेघ ओढली होती. शेकडो. माझं डोकंच फिरलं. ज्या माणसाने मला रिटचिंग म्हणजे काय ते शिकवलं, त्याला पेन्सिल आणि ओरखडा यांतला फरक कळू नये? आणि तोही आत्ता, सगळे टपून बसलेले असताना? मी तिसाच्या तीस तुकड्यांवर टिचकी मारली. नाकारले. कारण, हा दोष नाही. एवढ्यावर भागलं नाही म्हणून शेऱ्याच्या जागी टाईप केलं, ‘नियम सात वाचावा.’

अप्पा माझ्यापासून चार टेबलं पलीकडं बसत. थोड्या वेळाने त्यांनी मॉनिटरवरचं काळं कापड काढलं, झटकलं, त्याची घडी घातली. माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, “येतो गं.”

“आत्ता कुठली बस हाय?”

“चालत जातो.”

चार वाजले होते. म्हातारी माणसं रुसतात, असं मी शेजारच्या मुलीला म्हणाले आणि पुढचा ढीग उघडला.

दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. डोळे दुखतात म्हणाले. मी म्हणाले, बरं. त्यांना समजवायला हवं होतं, पण त्यांचं असं उठून जाणं मला आवडलं नव्हतं ना! ऑफिसात त्यांनी मान खाली घालायला लावली म्हणून मी घुश्श्यात होते. मग तेही निवलं आणि आम्ही परत मिठावर, पाण्यावर, आईच्या गुडघ्यावर बोलायला लागलो. घरी अप्पा आता पेन्सिलींना टोकही करत नव्हते. एकदा जेवताना त्यांनी विचारलं, “त्ये नाकारलेलं परत कोण बघतंय काय गं?”

“न्हाय. नाकारलं की संपलं.”

“बरं,” ते म्हणाले आणि ताटातला भात चिवडत बसले.

सात महिन्यांनी, एका सकाळी, चहा घेता घेता अप्पा गेले. कपबशी खाली पडली म्हणून आईने आतून विचारलं, काय सांडलं? त्याला उत्तर आलं नाही.

दिवसकार्य उरकून मी कामावर गेले तेव्हा सरांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, “चौदा नंबर बंद करायचा आहे. त्यांचं काही राहिलंय का तेवढं बघून घे, मग आपण काढून टाकू.” मी ब्राउझरमध्ये त्यांच्या नंबराची यादी उघडली. सगळं पूर्ण होतं. फक्त एका फोटोला ऑर्डरचा नंबर नव्हता. तो बाहेरून आलेला नव्हता, आमच्याच ऑफिसातल्या छोट्या स्कॅनरवरून चढवलेला होता. मी तो उघडला. यादीतून उघडलं की तुकडे नाहीत, अख्खी प्रतिमा दिसते. काळ्या तोंडाची, पांढऱ्या केसांची एक मुलगी. उलट करायचं बटण दाबलं.

शालू नेसलेली, एकवीस वर्षांची मी.

डाव्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत लाल रेघा होत्या. चार दिवस बसून भरलेली स्वतःची प्रत्येक रेघ अप्पांनी शोधून काढली होती आणि दोष म्हणून खूण केली होती. एकही चुकली नव्हती. माझ्या अंगावरच्या कशालाही लाल लागलं नव्हतं, भुवईजवळचा तीळसुद्धा सोडला होता. आणि निगेटिव्हच्या कडेला, जिथं खूण नसल्यामुळं चेकरकडं तुकडा जातच नाही, तिथं दोषाचा कुठलाच रंग न निवडता पेनने त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘गाल आहे तसा ठेवणे.’

त्याच्या खाली माझा नंबर. नाकारले. हा दोष नाही. नियम सात वाचावा.

शेजारची मुलगी, तीच गंमत करणारी, मागं येऊन उभी राहिली. तिला काहीच ठाऊक नव्हतं. “हे व्हय? हे मीच स्कॅन करून दिलतं काकांना,” ती म्हणाली. “म्हटले, तिला आत्ता सांगू नको. चेकिंगला तिच्याकडंच जाणार हाय, तिला कळंल.”

मला कळेल असं त्यांना वाटलं होतं. पेन्सिलीच्या रेघेवरून मी त्यांचा हात ओळखेन, गाल ओळखेन. मी ओळखायलाच हवा होता. जगात तो हात ओळखणारं माझ्याशिवाय दुसरं होतं कोण? पंधरा वर्षं मी ज्या उत्तरासाठी अडून बसले होते, ते त्यांनी माझंच नाव घेऊन, सरळ, माझ्यापुढं आणून ठेवलं होतं. आणि चार टेबलं पलीकडं बसून वाट बघितली होती. दारात चप्पल हातात घेऊन उभे होते, तशीच. पहिल्यांदा मी म्हणाले होते, बरा आलाय. दुसऱ्यांदा म्हणाले, नियम सात वाचावा.

मी ‘मंजूर’वर टिचकी मारली. पूर्ण झालेल्या कामात बदल करता येणार नाही, असं ब्राउझरने सांगितलं. पुन्हा मारली, पुन्हा सांगितलं. सरांकडं गेले. त्यांनी त्यांच्या नंबराने करून बघितलं, कुणालातरी फोनही केला, आणि म्हणाले, “नाही होत गं. राहू दे ना, ऑर्डरचं काम तर नाही ते.” मी म्हणाले, राहू दे.

घरी येऊन पत्र्याची पेटी उघडली. पेन्सिलींच्या खाली खाकी पाकीट. त्यावर ‘गाल साफ करणे’ असं अप्पांच्याच अक्षरात होतं आणि त्यावर त्यांनी एक आडवी रेघ मारली होती. आत निगेटिव्ह. पेन्सिल काढायला काही विशेष लागत नाही, कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये भिजवून हलक्या हाताने फिरवला की सगळी निघते. मी लहानपणी कितीदा अप्पांना करताना बघितलं होतं. एका मिनिटाचं काम. आईला सगळं सांगितलं. ती भिंतीला टेकून बसली. मग म्हणाली, “मग पूस की. त्येंनी सांगितलंय न्हवं.”

मी बोळा भिजवला आणि निगेटिव्ह खिडकीपाशी उजेडात धरली. तिरपी धरली की पेन्सिल चमकते. एकेक रेघ दिसत होती. गालाच्या हाडाजवळ दाट, खाली जाताना विरळ, आणि कानाच्या पाळीखाली, जिथं भाजणं सगळ्यात खोल आहे, तिथं रेघा इतक्या हलक्या होत्या की निगेटिव्हला टोक टेकलं तरी असेल की नाही. जसं काही तिथं मला अजून दुखत होतं. त्यांच्या हाताचं आमच्या घरात एवढंच शिल्लक आहे. बाकी सगळं लोकांच्या घरी, लोकांच्या पोरींच्या गालांवर आहे.

बोळा वाळून गेला. मी निगेटिव्ह पाकिटात घातली आणि पाकीट पेटीत ठेवलं. अप्पांनी एवढं एकच मागितलं होतं आणि तेही मी दुसऱ्यांदा नाकारलं.